देवदत्त घरी नाही

मीमांसकांच्या ग्रंथांतला देवदत्त नेहमी घराबाहेर असतो. तो जिवंत आहे हे पक्के ठाऊक आहे, घरात पाहावे तर तो नाही. तेव्हा तो बाहेर कुठेतरी असला पाहिजे, असे मानल्यावाचून गत्यंतर राहत नाही. शबरस्वामींच्या भाष्यातले हे उदाहरण कुमारिल भट्ट आणि प्रभाकर यांनी आपापल्या परीने तपासले, नैयायिकांनी त्यावर हरकत घेतली, आणि अर्थापत्ती, म्हणजे दुसरा मार्गच नसल्याने असे मानावे लागणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन (प्रमाण) की अनुमानाचाच एक प्रकार, हा वाद शतकानुशतके चालला. समोर नसलेल्या माणसाविषयी आपण जे म्हणतो, ते कशाच्या बळावर म्हणतो, हा त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. आज तो पाठशाळेपुरता उरलेला नाही. अमुक माणूस आत्ता ऑनलाइन आहे, अमुक इतक्या वाजता तो शेवटचा दिसला होता, त्याचा फोन या क्षणी या रस्त्यावर आहे, असे सांगणारी यंत्रे कोट्यवधी लोकांच्या खिशात आहेत, आणि त्या सांगण्यावरून आपण दिवसभर देवदत्ताविषयी निष्कर्ष काढत असतो. या माहितीने आपले बोलणे सुधारते का, याचे माझे उत्तर असे आहे: हजेरीची आणि ठिकाणाची माहिती माणसाने दिलेला शब्द म्हणून आली तर संवाद सुधारतो, त्याच्या मागे राहिलेली खूण म्हणून ती काढून घेतली तर संवाद बिघडतो, मग ती माहिती कितीही अचूक असो.

या माहितीची गरज खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. फोन करणाऱ्याला पलीकडचा माणूस झोपला आहे, गाडी चालवतो आहे की रिकामा बसला आहे, हे कळत नाही. तो नुसता दार वाजवतो. ही अडचण संगणकांच्या जगात फार लवकर जाणवली. १९७१ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ नावाचा प्रोग्राम लिहिला. यंत्रावर कोण काम करते आहे आणि त्याने शेवटची कळ दाबून किती वेळ झाला, हे तो दाखवी. पण एवढ्याने भागले नाही. लवकरच त्याला ‘प्लॅन’ नावाच्या फाइलची जोड मिळाली, आणि आपण कुठे गेलो आहोत, कधी परतू, अवेळी काम पडले तर कुठे सापडू, हे लोक तीत स्वतःच्या शब्दांत लिहू लागले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. कळ दाबून किती वेळ झाला ही खूण होती. ‘प्लॅन’ हा शब्द होता. पहिल्या प्रयत्नातच दोन्ही शेजारी शेजारी उभी राहिली, कारण नुसत्या खुणेवरून माणूस कळत नाही, हे वापरणाऱ्यांना लगेच उमगले.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १९९६ च्या नोव्हेंबरात इस्राएलमधल्या मिराबिलिस कंपनीचे ‘आयसीक्यू’ आले आणि मित्रांच्या यादीत कोण ऑनलाइन आहे हे सामान्य माणसाला दिसू लागले. २००० सालच्या फेब्रुवारीत इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने आरएफसी २७७८ हा दस्तऐवज काढून हजेरीचा एक नमुना मांडला: ज्याची हजेरी तो एका बाजूला, पाहणारा दुसऱ्या बाजूला, आणि मधे माहिती पोहोचवणारी सेवा. २००९ मध्ये जॅन कूम यांनी व्हॉट्सॲप सुरू केले तेव्हा त्यांच्या डोक्यात निरोपांची देवाणघेवाण नव्हती. फोनमधल्या नावांपुढे त्या माणसाची सद्यःस्थिती दिसावी, तो कामात आहे, व्यायामशाळेत आहे की त्याची बॅटरी संपत आली आहे हे कळावे, एवढीच कल्पना होती. स्थिती बदलली की मित्रांच्या फोनवर सूचना जाऊ लागली, तेव्हा लोकांनी त्या सूचनांतूनच बोलायला सुरुवात केली. म्हणजे आज मराठी घराघरांत ज्यावरून सुप्रभात आणि शोकसंदेश दोन्ही जातात, ते साधन मुळात हजेरी सांगण्यासाठी जन्मले.

आता खूण आणि ज्ञान यांच्यातले अंतर पाहू. व्हॉट्सॲपवर ‘ऑनलाइन’ दिसणे याचा अर्थ एवढाच, की त्या माणसाच्या फोनवर ते ॲप उघडे आहे आणि फोन इंटरनेटला जोडलेला आहे. आपण मात्र तिथे थांबत नाही. तो ऑनलाइन आहे, माझा निरोप पोहोचला आहे, उत्तर आलेले नाही. तेव्हा तो मला टाळतो आहे. हा विचार देवदत्ताच्या अर्थापत्तीसारखाच दिसतो, पण तो तसा नाही. देवदत्त जिवंत असणे आणि घरात नसणे यांचा मेळ बसवायला ‘तो बाहेर आहे’ याखेरीज दुसरा मार्गच नसतो. अर्थापत्तीचे सगळे बळ या दुसरा मार्ग नसण्यात आहे. ऑनलाइन असणे आणि उत्तर न देणे यांत विसंगती मुळी नाहीच. तो दुसऱ्या कुणाशी आजारपणाविषयी बोलत असेल, उत्तर काय द्यावे याचा विचार करत असेल, फोन मुलाच्या हातात असेल. विसंगती नसताना आपण ती कल्पितो आणि मग ती मिटवण्यासाठी दुसऱ्याच्या मनात हेतू घालतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने निळ्या टिका आणल्या आणि निरोप वाचल्याची खूणही दिसू लागली, तेव्हा या खोट्या अर्थापत्तीला आणखी एक आधार मिळाला. माहिती वाढली, ज्ञान वाढले असे म्हणता येत नाही.

अभावाच्या ज्ञानाविषयीचा आपल्याकडचा विचार इथे फार उपयोगी पडतो. जमिनीवर घडा नाही हे कसे कळते? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानतात, नैयायिक ते प्रत्यक्षातच बसवतात. पण घडा न दिसणे पुरेसे नाही, ते न दिसणे योग्य असले पाहिजे, यावर त्यांचे जुळते. घडा असता तर दिसलाच असता, असे म्हणण्याजोगा उजेड हवा, नजर हवी, आड काही नको. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असे कुणी म्हणत नाही. हीच कसोटी उत्तर न देणाऱ्या मित्राला लावावी. ‘त्याला माझी पर्वा असती तर त्याने उत्तर दिलेच असते’ हे विधान आपण छातीवर हात ठेवून करू शकतो का? बहुतेक वेळा नाही. आपण अंधारात उभे राहून घड्याचा अभाव सिद्ध करत असतो, आणि पडद्याचा उजेड आपल्याला तो अंधार जाणवू देत नाही.

ठिकाणाचेही असेच आहे. नकाशावरचा ठिपका इमारत दाखवतो. तिच्या तळमजल्यावर हॉटेल असते, दुसऱ्या मजल्यावर रक्त तपासणारी लॅब असते, चौथ्यावर वकिलाचे ऑफिस असते, आणि माणूस तिथे कशासाठी गेला आहे हे ठिपक्याला ठाऊक नसते. शिवाय शरीराची जागा म्हणजे माणसाची जागा नव्हे. मन दुसरीकडे होते म्हणून समोरचे दिसले नाही, बोललेले ऐकू आले नाही, या रोजच्या अनुभवाची बृहदारण्यक उपनिषदाने गंभीरपणे दखल घेतली आहे, आणि न्यायदर्शनात एकाच वेळी अनेक ज्ञाने होत नाहीत हेच मनाच्या अस्तित्वाचे गमक ठरले आहे. संवादाला लागते ती हजेरी मनाची. ती कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. माणसाने स्वतः सांगितली तरच कळते.

इथे शब्दप्रमाणाचा विचार येतो. न्यायसूत्रांनी आप्ताच्या उपदेशाला प्रमाण मानले आणि वात्स्यायनांनी आप्त कोण हे स्पष्ट केले: ज्याला वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण एकच. यातली सांगण्याची इच्छा ही अट मला निर्णायक वाटते. ‘मी आता कामात आहे, संध्याकाळी बोलू’ असे जो म्हणतो, तो स्वतःच्या हजेरीविषयी आप्त आहे: त्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि ती मला कळावी असे त्याला वाटते आहे. फोन आप्त नाही. धूर जसा अग्नीची खूण असतो तसा फोन माणसाची खूण असतो, आणि धुराला काही सांगायचे नसते. आप्ताच्या शब्दावर आपण विसंबतो, आणि त्या विसंबण्यातूनच नाते पक्के होते. धुरावरून आपण तर्क करतो, आणि ज्याच्याविषयी तर्क करतो तो या व्यवहारात सहभागी नसतो. निरोप आणि हजेरी पोहोचवण्याच्या, २००४ साली प्रमाणित झालेल्या ‘एक्सएमपीपी’ या पद्धतीत हा फरक बऱ्यापैकी जपला होता. समोरच्याने मान्यता दिल्याशिवाय त्याची हजेरी दिसत नसे, आणि ‘बाहेर आहे’, ‘बोलायला मोकळा आहे’, ‘व्यत्यय नको’ अशा अवस्था माणूस स्वतः निवडू शकत असे. पुढे लोकप्रिय झालेल्या साधनांनी हा क्रम उलटवला: आधी सगळे दाखवायचे, लपवायचे असेल तर सेटिंगमध्ये जाऊन शोधायचे. आपण या क्षणी ऑनलाइन आहोत हे लपवण्याची सोय तर व्हॉट्सॲपने २०२२ साली जाहीर केली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: माणसे खोटे बोलतात, विसरतात; यंत्र विसरत नाही. ‘मीटिंगमध्ये आहे’ असे सकाळी लिहिलेला माणूस रात्रीपर्यंत मीटिंगमध्येच राहतो. आणि कधी कधी ही विसरभोळी हजेरी जिवावर बेतते. घरातल्या तारेच्या फोनचा पत्ता कंपनीकडे असे. इंटरनेटवरून केलेला फोन जगात कुठूनही येऊ शकतो. म्हणून अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २००५ साली इंटरनेट फोनच्या कंपन्यांना ग्राहकाचा पत्ता नोंदवून तो आपत्कालीन सेवेला पुरवणे बंधनकारक केले. पण नोंदवलेला पत्ता जुना असला तर? २००८ साली कॅनडात कॅल्गरीतल्या एका कुटुंबाने लहान मुलासाठी इंटरनेट फोनवरून मदत मागितली, आणि रुग्णवाहिका हजारो किलोमीटर दूर, ऑंटॅरिओ प्रांतातल्या त्यांच्या जुन्या घरी पाठवली गेली. मूल वाचले नाही. अशा प्रसंगी यंत्राने स्वतःहून अचूक जागा कळवली असती तर कुणाची हरकत असती? कुणाचीच नाही, माझीही नाही.

पण हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, ते अधिक नेमके करते. शब्द आणि खूण यांतला फरक हाताने टाइप केले की यंत्राने पाठवले, असा नाही. सांगण्याची इच्छा कुणाची होती, हा आहे. मदतीसाठी नंबर फिरवणाऱ्याने ‘इथे या’ एवढे म्हणूनच टाकलेले असते. ‘इथे’ म्हणजे कुठे हे यंत्राने पुरवले तर ते त्याचेच वाक्य पूर्ण करते. अपघातात फोनने आपोआप खबर द्यावी अशी सोय जो स्वतः चालू करून ठेवतो, त्यानेही आपला शब्द आधीच देऊन ठेवलेला असतो. रात्रीच्या बसने एकटी येणारी मुलगी आईला लाइव्ह लोकेशन पाठवते तेव्हा ठिपका यंत्र हलवते, पण सांगते ती मुलगी. २०१७ साली व्हॉट्सॲपने ही सोय आणली तेव्हा तिला पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास अशी मुदत घातली, हे मला फार योग्य वाटते. शब्दाला मुदत असते, तो पाळून संपतो. मुदत नसलेला ठिपका माणूस एकदा देतो आणि देऊन विसरतो. त्यानंतर तो शब्द राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. यंत्राला सगळे ठाऊक आहेच, मग माणसाने वेगळे सांगण्याला काय अर्थ उरला? याचे उत्तर आपल्या पूजाविधीत आहे. पूजेच्या आरंभी यजमान संकल्प करतो, आणि त्यात आधी आपला ठावठिकाणा सांगतो: जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा कुठला तीर, मग शालिवाहन शक, संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र, मग गोत्र आणि नाव. परदेशात पूजा सांगणारे गुरुजी यात तिथल्या भूमीची आणि नद्यांची नावे घालतात. ज्याला हे सांगितले जाते तो तर सर्वज्ञ आणि सर्वव्यापी मानलेला आहे; गोदेच्या कुठल्या तीरावर कोण बसला आहे हे त्याला कळवावे लागत नाही. तरी ते सांगितले जाते, आणि सर्वत्र असलेल्या देवाला ‘इथे ये’ असे आवाहनही केले जाते. याला निरर्थक पुनरुक्ती म्हणणारा टीकाकार संकल्पाचे काम चुकीचे समजतो. संकल्प देवाच्या माहितीत भर घालत नाही. तो सांगणाऱ्याला हजर करतो. मी इथे आहे, या वेळी आहे, मी अमुक आहे, आणि हे मी तुझ्यापुढे मान्य करतो, असे म्हटल्यावर पुढच्या कर्माची जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वज्ञापुढेही माणसाचे सांगणे वाया जात नाही, तर सर्व्हरपुढे ते का वाया जावे? ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असणे आणि सांगणाऱ्याने सांगणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि नाते दुसरीतून जुळते.

मग ठावठिकाणा विचारणाऱ्या प्रत्येकाला खरे सांगावे का? सत्य कधी बोलू नये, हे ठरवायला दोन अगदी वेगळ्या परंपरांनी नेमका हाच प्रश्न निवडला, याचे मला नवल वाटत आले आहे. कर्णपर्वात युधिष्ठिरावर शस्त्र उगारलेल्या अर्जुनाला कृष्ण कौशिकाची कथा सांगतो. कौशिक सत्यव्रती होता. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे रानात शिरली; मागून आलेल्या दरोडेखोरांनी त्याला विचारले, आणि त्याने खरी वाट दाखवली. माणसे मारली गेली, कौशिक नरकात गेला. १७९७ साली कांटने बेंजामिन कॉन्स्टंटला उत्तर देताना असाच प्रसंग घेतला: मारेकरी दारात आहे आणि तुझा मित्र घरात आहे का असे विचारतो आहे. कांट म्हणतो, तरीही खोटे बोलण्याचा अधिकार तुला नाही. मला इथे कृष्ण जवळचा वाटतो, पण कांटची चिंता फेटाळण्यासारखी नाही. शब्दावरचा विश्वासच गेला तर आप्त कुणी उरणार नाही. कौशिकाचा दोष मात्र सत्य बोलण्यात नव्हता. कोण विचारतो आणि कशासाठी विचारतो हे त्याने पाहिले नाही. स्वतःला त्याने खबर देणारे यंत्र करून घेतले. आज आपल्या हातातले यंत्र हा परिपूर्ण कौशिक आहे. ते कधी खोटे बोलत नाही आणि विचारणाऱ्याचे तोंड कधी पाहत नाही. नवऱ्याच्या मारहाणीतून निसटलेल्या बाईचा फोन तिची जागा नवऱ्याच्या पडद्यावर तितक्याच प्रामाणिकपणे उमटवतो.

या क्षेत्रातल्या अभियंत्यांना हे दिसत होते, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. २००५ च्या आरएफसी ४११९ मध्ये ठिकाणाच्या माहितीसोबत तिच्या वापराचे नियमही त्याच पाकिटातून जावेत अशी रचना आहे: ही माहिती पुढे कुणाला देता येईल का, किती काळ ठेवता येईल. पुढे देण्याविषयी काहीच सांगितले नसेल तर उत्तर ‘नाही’ असे धरायचे. २००७ च्या आरएफसी ५०२५ मध्ये हजेरी पाहणाऱ्याला चार तऱ्हांनी वागवता येते: मज्जाव, विचारून मग, मोकळीक, आणि चौथा प्रकार सभ्य मज्जावाचा. या चौथ्यात पाहणाऱ्याला आपल्याला परवानगी मिळाली असेच वाटते, पण त्याला दिसते ते खोटे, समोरचा ऑनलाइन नाही असे. कृष्णाचे म्हणणे आठवून पाहावे. गप्प राहून सुटका होत असेल तर गप्प राहावे, पण गप्प राहण्याचाच संशय येणार असेल तर तिथे असत्य बरे, असे तो सांगतो. सभ्य मज्जावामागची अडचण हुबेहूब हीच आहे: दार उघड लावून घेतले तर लावून घेण्यालाच अर्थ चिकटतो.

माझा निष्कर्ष यातूनच येतो. असत्याची गरज पडते, कारण मौन संशयास्पद झालेले असते. आणि जिथे सगळ्यांचे दाखवणे गृहीत धरलेले असते, तिथे मौन संशयास्पद होणारच. ज्याचे लास्ट सीन दिसत नाही त्याच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी असणार, हा तर्क त्या गृहीतावर जगतो. मूळ स्थिती न दाखवण्याची असली, आणि दाखवणे ही प्रत्येक वेळी, त्या माणसापुरती, त्या कामापुरती केलेली कृती असली, तर न दाखवण्याला काहीच अर्थ चिकटणार नाही. मग कृष्णाच्या अपवादाची गरज विरळ होईल आणि कांटचा आग्रहही पाळता येईल. काही जण म्हणतील, अशाने सोय जाईल, प्रत्येक वेळी सांगत कोण बसणार? थोडी सोय जाईल, हे खरे आहे. पण जी गेली ती पाहणाऱ्याची सोय असेल. आणि पाहण्यावाचून ज्यांचे अडते त्यांनी विचारावे. ‘मोकळा आहेस का?’ हा प्रश्न संवादातला अडथळा नाही. संवाद तिथूनच सुरू होतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या वाटेवरचे एक महत्त्वाचे पाऊल टाकले आहे. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका परदेशी आरोपीला जामीन देताना, त्याने गूगल मॅप्सवर आपल्या जागेची पिन टाकावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे हे कळेल, अशी अट घातली गेली होती. ८ जुलै २०२४ च्या निकालात न्यायालयाने ती काढून टाकली. पिन टाकणे वापरणाऱ्याच्या हातात असते आणि तिने सतत माग काढता येत नाही, असे गूगलने सांगितले होते. तेव्हा ती अट निरुपयोगी ठरली. पण न्यायालय तिथेच थांबले नाही. आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी कोणतीही अट जामिनाला घालता येणार नाही, कारण ती राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे त्याने स्पष्ट केले. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसालाही राज्यसत्तेपुढे चालता ठिपका होऊन राहण्याची सक्ती करता येत नसेल, तर मित्र, जोडीदार आणि मालक यांचा तो अधिकार कुठून येतो?

मालकाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तिथे संमती कागदोपत्री असते. जेवणाचा डबा किंवा किराणा घेऊन निघालेल्या मुलाची गाडी ग्राहकाला नकाशावर पावलापावलाने सरकताना दिसते. यातला काही भाग खरोखर उपयोगी आहे: गेट उघडायला कधी जायचे हे कळते, पत्ता चुकला तर फोन करता येतो. पण सिग्नलला थांबलेला, पाणी प्यायला टेकलेला, पंक्चर काढत बसलेला माणूसही ग्राहकाला नुसता न हलणारा ठिपका दिसतो, आणि त्या न हलण्याचा अर्थ ग्राहक लावतो, कंपनी लावते, त्याच्या रेटिंगमध्ये तो उतरतो. त्या मुलाने काम मिळावे म्हणून सकाळी एकदा ‘मान्य’ हे बटण दाबलेले असते. वात्स्यायनांच्या अर्थाने त्याने कुणालाच काही सांगितलेले नसते. त्याला ‘दहा मिनिटे उशीर होतोय, गाडी पंक्चर आहे’ असे स्वतःच्या शब्दांत कळवायची सोय असेल, ते कळवणे ठिपक्याहून अधिक विश्वसनीय मानले जाईल, आणि डबा पोहोचताच त्याची जागा कंपनीच्याही नजरेआड होईल, अशी रचना तांत्रिकदृष्ट्या आजच शक्य आहे. ती करायची की नाही हे कंपन्या ठरवतात, आणि ती मागायची की नाही हे आपण, डबा मागवणारे.